पाट्याच्या पोटावरची फुली

लोक काशीला जातात, कोण विमानानं सिंगापूरला जातं. मी पंचाहत्तरीला आले अन् नातीबरोबर तीन दिवस मुलुंड, बोरिवली आणि अंधेरीला जाऊन आले. हसू नका. घाटकोपरच्या डोंगरावर आमची खोली आहे, तिथून खाली उतरायचं म्हणजेच अर्धी यात्रा. आमच्या गल्लीतल्या बायका रोज विचारतात, "हौसाबाय, काय बघितलंस गं?" सगळ्यांना वेगवेगळं सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाच काय ते सांगते. मी बोलते, नात लिहिते. माझी शाळा दुसरीपर्यंत.

बहात्तरच्या दुष्काळात नगरकडं सरकारी कामावर खडी फोडली. दिवसभर फोडायची अन् संध्याकाळी सरकारनं वाटलेली सुकडी खायची. मग मुंबईला आलो, तर इथंही खाणच. म्हणलं, नशिबानं पत्ता बरोबर शोधला. नवरा त्या खाणीतच गेला. पदरात लेक होता, मिलिंद, दोन वर्षांचा. रडायला वेळ नव्हता, तेव्हा शेजारणीकडनं पाट्याला टाकी लावायला शिकले. मसाला वाटून वाटून पाटा गुळगुळीत होतो, मग मिरची वाटली जात नाय, नुसती घसरते. तेव्हा छिन्नी-हातोडीनं बारीक टोचे मारून तो परत खरखरीत करायचा, त्याला टाकी म्हणतात. "टाकीऽऽ ए, पाट्याला टाकीऽऽ" ओरडत मी मुलुंडपासून बोरिवली-अंधेरीपर्यंत पायी फिरले. मिक्सर आले अन् माझा आवाज बसला.

तर नात, प्रज्ञा. कॉलेजात इतिहास शिकते, पुढं मास्तरीण व्हायचं म्हणते. मागच्या वर्षी एक विषय राहिला. मिलिंदनं सांगून टाकलं, "यंदा राहिला तर कॉलेज बंद. मॉलमध्ये उभी राहा, कपड्याच्या घड्या घाल." तो बोलतो तसं करतो, माझ्यावर गेलाय. विषय सुटायचा तर एक काम करायचं होतं. इंग्रजांनी रस्त्याकडेला मैलाचे दगड लावले होते, त्यातला एक आपल्या उपनगरात शोधायचा, त्याला हात लावून फोटो काढायचा अन् त्याची माहिती लिहायची. नेटवरचा फोटो चालणार नाय. अक्षर दिसलं पाहिजे. सोमवारी द्यायचं. सांगितलं होतं महिन्यापूर्वी, आमच्या प्रज्ञाबाईसाहेबांना आठवलं बुधवारी.

"आजी, तुला दगडातलं कळतं ना?"

"दगडातलंच कळतं. माणसातलं कळलं असतं तर तुझ्या आजोबाला खाणीत जाऊ दिलं असतं का?"

कॉलेजातल्या मॅडमनं जुन्या नकाशावरनं तीन जागा काढून दिल्या होत्या. एक मुलुंड, एक बोरिवली, एक अंधेरी. अंधेरीपुढं लिहिलं होतं, 'हरवला'.

मुलुंड, गुरुवार

मुलुंडला आम्ही पाइपलाइनच्या बाजूनं चालत गेलो. इंग्रजांनी तलावाचं पाणी शहरात न्यायला पाइप घातला, आत माणूस उभा राहील एवढा जाडा. त्याला टेकून माझी झोपडी होती, नऊ वर्षं. पाठीशी अख्ख्या मुंबईचं पाणी खळखळायचं अन् मी हंडा घेऊन पार नाक्यापर्यंत जायची. तेव्हा वाटायचं, गोऱ्यानं एक तोटी ठेवली असती तर त्याचं काय गेलं असतं! आता तिथं झोपड्या नाहीत. स्वच्छ रस्ता केलाय, बाजूला झाडं लावलीत. अर्धी चड्डी घातलेला एक म्हातारा धापा टाकत आला अन् थांबला.

"आजी, रोज येता का वॉकला?"

"नाय, राहायला होते."

त्याला काय समजायचं ते समजलं. जास्त जोरात पळाला.

पोरीला म्हणलं, आमच्या वेळेला इथं पळायचे ते पालिकेची गाडी आली की. आता बूट घालून, घड्याळ लावून पळतात. पळणं तेच, पाठलाग करणारं कोण नाय एवढंच.

नकाशातली जागा एका जुन्या रस्त्याच्या वळणावर होती. दगड होता! पोरगी आनंदानं उडी मारायची राहिली होती, कारण दगड होता पण दिसत नव्हता. त्याला हातभर शेंदूर. वर पितळी डोळे. डोक्यावर पत्र्याचं छप्पर, पुढं घंटा, अन् बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीवर एक बाई बसलेली, लसूण सोलत.

प्रज्ञानं मोबाइल काढला. बाई बसल्या जागेवरनंच म्हणाली, "चपला."

चपला काढल्या. पोरगी गोड आवाजात बोलायला लागली, "मावशी, हा खरं तर ना, इंग्रजांच्या काळातला मैलाचा दगड आहे. थोडासा शेंदूर एका बाजूनं काढला तर खाली अक्षरं—"

"काय काढला तर?"

"थोडासाच."

"तुझ्या आजीची साडी थोडीशीच काढू का?"

मी मधे पडले. म्हणलं, "बाई, लेकरू आहे, शिकतंय. मला एक सांगा, हा देव कधीपासनं आहे?"

"स्वयंभू आहे."

"अंतर सांगतो का?"

"काय?"

"काय नाय."

आम्ही बुद्धाचे. दगडाला हात जोडायचं आम्ही सोडलं, फोडायचं काही सुटलं नाय. पण दुसऱ्याच्या देवाशी मी भांडत नाय. शेंदूर एवढा जाड होता की आतला इंग्रज गुदमरून मेला असणार. बाईनं मात्र लसणीच्या चार पाकळ्या माझ्या हातावर ठेवल्या, म्हणाली, "गुडघ्याला तेलात कढवून लावा, चालताना दिसतंय मला." भांडकुदळ होती पण नजर चांगली.

घरी येताना पोरगी बोटांवर दिवस मोजत होती. एक दिवस गेला होता.

बोरिवली, शुक्रवार

बोरिवलीला मी वीस वर्षांनी गेले. माझ्या आठवणीतलं बोरिवली म्हणजे कौलारू बंगले, मागं विहीर, पुढं आंबा, अन् "टाकी लावायची का" विचारलं की आतनं कुत्रं यायचं. आता कुत्र्याच्या जागी वॉचमन. नकाशातल्या जागी चाळीस मजल्यांचा टॉवर उभा. मान वर करून बघितलं तर पदर पडला.

वॉचमन मालवणी होता. "आजी, खंय चललात? कोनाकडे?"

"दगडाकडं."

"कितव्या मजल्यार?"

प्रज्ञानं त्याला नीट सांगितलं. तो खूश झाला. "अरे, तो हेरिटेजवालो दगड? आसा ना! बागेत आसा. या या." अन् आमच्याकडनं वहीत नाव, गाव, मोबाइल सगळं लिहून घेतलं. कारण म्हणून काय लिहिलं माहितेय? 'दगडास भेटण्यास.'

बाग कसली, हिरवा गालिचा अंथरलेला. मधे कारंजं अन् कारंज्याच्या बाजूला मैलाचा दगड. काळा, वरून गोल, त्याच्यावर इंग्रजी अक्षरं अन् खाली आकडा. पोरीचा चेहरा असा उजळला की मला तिच्या बारशाची आठवण झाली. ती धावत जाऊन त्याच्याशेजारी बसली, हात ठेवला, मला मोबाइल दिला. "आजी, इथं दाब, गोल दिसतंय ना तिथं."

मी दाबायच्या आधी सवयीनं दगडाला बोटाचं पेर मारलं.

टप टप.

परत मारलं. टप टप. रिकाम्या डब्यासारखं.

"प्रज्ञे, ऊठ. हा दगड नाय, हा डबा आहे."

वॉचमन म्हणाला, "फायबरचो आसा. खरो होतो तो पाया खणताना गेलो खंयतरी. सोसायटीन मगे ह्यो बसवलो, लोकांका फोटो काढूक. आत लाइट पण पेटता." अन् त्यानं बटण दाबून लाइट लावून दाखवला. दगड आतनं पिवळा झाला. पन्नास वर्षं दगडात गेली माझी, पण पोटात दिवा असलेला दगड पहिल्यांदा बघितला.

आता पोरीची बुद्धी फिरली. कारंज्याच्या कठड्यावर बसली अन् हळू म्हणाली, "आजी, फोटोत कुठं टपटप ऐकू येणारे? हाच देऊ. मॅडमला काय कळतंय?"

"मला कळतंय ना."

"तुझ्याकडं थोडीच मार्क आहेत?"

"नाय. पण खोटा दगड दाखवून पास झालीस तर पुढं काय खोटं खोटंच शिकवशील पोरांना? त्यापेक्षा मॉलमधल्या घड्या बऱ्या. घडी तरी खरी पडते."

तिच्या डोळ्यात पाणी आलं. मला वाईट वाटलं, पण ते दाखवायची रीत नाय आमच्यात. म्हणून तिच्याकडं न बघता मी त्या डब्याकडंच बघत बसले. वरची अक्षरं मला येत नाहीत. खालचा आकडा म्हणून जे होतं ते आकड्यासारखं नव्हतंच. शेजारी शेजारी दोन फुल्या, अन् पुढं एक उभी काठी.

"हे काय गं?"

"रोमन आकडे. एक्स म्हणजे दहा, दोन एक्स अन् पुढची काठी मिळून एकवीस. खऱ्या दगडांवर असंच असतं."

मी त्यातल्या एका फुलीवर बोट ठेवलं. म्हणलं, "अशी फुली मी बघितलीये."

"कुठं?"

"अंधेरीला. माझ्या जुन्या गिऱ्हाइकाच्या, फिलूबायच्या पाट्याच्या पोटाला."

घाटकोपर, शनिवार

अंधेरीला जायचं तर आता घाटकोपरहून मेट्रो. वीस मिनिटांत पोचवते म्हणतात. मी पूर्वी या वाटेनं पायी गेले की जाताना सकाळ असायची अन् पोचताना दुपारची भाकर. मेट्रोत बसायचं म्हणून मी धुतलेलं लुगडं नेसले. स्टेशन असं चकचकीत की पाय टाकायला भीती. तिथं पिशव्या मशीनमध्ये टाकतात अन् मशीन आतलं सगळं बघतं.

माझी पिशवी आत गेली अन् मशीन थांबलं.

वर्दीतल्या बाईनं पिशवी उघडली. दोन छिन्न्या, हातोडी, गोणपाटाचा तुकडा अन् कांदा-भाकर.

"मावशी, हे काय?"

"भाकर."

"ही नाय, हे."

"टाकी लावायला चाललेय."

"कोणाला?"

मागं रांग लागली. प्रज्ञा समजवायला लागली की हिचा धंदा आहे, पाटा असतो, वरवंटा असतो. मागचा एक जण म्हणाला, "जाने दो ना, बुढ़िया क्या मेट्रो फोडेगी?" मी त्याला सांगितलं, "बाबा, मनात आणलं तर हा खांब दोन दिवसांत काढीन." झालं, आमची वाट लागली. वर्दीवाली म्हणाली, "हे बाहेर ठेवून या, नायतर बसनं जा."

प्रज्ञा म्हणाली, "आजी, आपल्याला नुसता दगड उलटायचाय. हत्यारं कशाला?"

म्हणलं, "फिलूबायला तू ओळखत नायस." अन् आम्ही बसनं गेलो.

बसमध्ये मी खिडकीतनं बघत होते. प्रज्ञा खुशीत होती. मी नव्हते. एक गोष्ट मी तिला सांगितली नव्हती, ती तुम्हाला सांगते. फिलूबायनं तो पाटा मला पहिल्यांदा दाखवला तेव्हा त्याच्या वरच्या अंगाला एक फुली, एक काठी अन् खाली टोक असलेला सुळका होता. मला वाटलं, माझ्या आधी कोणीतरी बेअकली टाकीवाली येऊन गेली. टोचे सरळ ओळीत मारायचे सोडून हिनं फुल्या काय मारल्यात, काठ्या काय ओढल्यात! म्हणलं, धंद्याचं नाव घालवतात अशा बाया. अन् मी बसून ती घाण नीट केली. अर्धा दिवस घासघासून अन् टोचून. वरची अक्षरं मात्र फार खोल होती, ती काय निघेनात. शेवटी फिलूबायला म्हणलं, ही बाजू बिघडवलीये कोणीतरी, पाटा उलटा करून वापर. तेव्हापासनं तो पालथा.

म्हणजे पोरगी जे शोधत होती ते तिच्या आजीनं पुसलं होतं. हे कोणत्या तोंडानं सांगायचं? मी कांदा फोडून भाकर खाल्ली.

अंधेरी, त्याच दिवशी

स्टेशनपासनं थोडं आत गेलं की गावठाण आहे, जुन्या किरिस्ताव लोकांचं. एकीकडं काचेच्या इमारती अन् मधेच अरुंद गल्ली, लाकडी जिना, दारावर क्रूस. निम्मी घरं गेलीत. फिलूबायचं उभं होतं, पण बाजूला पत्रे ठोकलेले. ती ओट्यावर बसली होती, चौकड्याचं लुगडं, डोळ्यावर हाताची सावली धरून.

"कोन गो? हौसा? मना वाटला मेलीस."

"तुझ्या पाट्याला टाकी लावल्याशिवाय कशी मरू?"

ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. फिलोमिना नाव, पण आख्खी गल्ली फिलूबाय म्हणते. मी तिच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा मिलिंद पाठीशी बांधलेला होता. तिनं न विचारता त्याला दूध दिलं होतं. त्याबद्दल आम्ही दोघी परत कधी बोललो नाय.

प्रज्ञानं सगळं सांगितलं. फिलूबायनं ऐकून घेतलं.

"म्हनजे माझा पाटा सरकारचा हाय?"

"सरकारचा नाही आजी, इंग्रजांचा."

"माझे सासऱ्यानं रस्ता रुंद केला तवा उचलून आनला. टाकून दिलेला होता. इंग्रजाला पायजे तर ये म्हनावं, मिरच्या वाटून जा."

"आम्हाला नुसता उलटून फोटो काढायचाय."

"आंधी टाकी. मंग फोटो. तीन वर्सं झाली, चटनी नाय वाटली गेली. मिक्सरची काय चटनी असते? चिखल असतो."

मी प्रज्ञाकडं बघितलं. बघ, सांगितलं होतं की नाय?

बसले. गोणपाट टाकलं, पाय पसरले. पहिला घाव चुकला, दुसरा अंगठ्यावर. हात थरथरतात आता. प्रज्ञा म्हणाली, "आजी, राहू दे." मी छिन्नी खाली टेकवूनच धरली, म्हणजे थरथर दगडात जाते, घावात येत नाय. मग लागला हात. टक टक टक. गल्लीतली दोन कबुतरं उडाली अन् समोरच्या काचेच्या इमारतीतनं कोणीतरी खिडकी उघडून बघितलं. दोन तास लागले. पूर्वी अर्धा तास लागायचा.

फिलूबायनं सुके बोंबील, मिरची, लसूण अन् चिंच घेऊन तिथंच वाटलं. तिच्या बाटलीतला मसाला चिमूटभर वरनं. वर्षाचा मसाला हे लोक मे महिन्यात कुटून काळ्या बाटल्यांत भरतात. तांदळाच्या हातभाकरीबरोबर ती चटणी खाल्ली अन् माझ्या कानातनं धूर निघाला. आमच्याकडं तिखट जिभेला लागतं, यांच्याकडं आधी नाकाला लागतं. प्रज्ञा रडत होती अन् परत मागत होती.

मग पाटा धुतला अन् उलटायचा. दोन म्हाताऱ्या अन् एक पोरगी, दगड चार माणसांचा. फिलूबायनं मसाला कुटायचं मुसळ आणलं. मी त्याच्याखाली वीट ठेवली. खाणीत हेच केलंय, दगड उचलायचा नसतो, फसवायचा असतो. "मी सांगते तेव्हा दाब. आत्ता!" फिलूबायनं मुसळावर बूड टेकलं अन् पाटा उलटला.

ओळीत इंग्रजी अक्षरं. खोल, चांगल्या हाताची. प्रज्ञानं मोठ्यानं वाचलं, कसले कसले मैल म्हणून. अन् खाली, आकड्याच्या जागी, सपाट. सगळीकडं बारीक बारीक टोचे, फुलीचा एक कोपरा तेवढा उरलेला.

पोरीनं बोट फिरवलं. "आजी, आकडा कोणीतरी मुद्दाम खोडलाय गं. कोण असेल?"

फिलूबायनं माझ्याकडं बघितलं. तिला आठवत होतं. पण तिनं माझं नाव घेतलं नाय, तेवढी मैत्रीण आहे.

"मी," म्हणलं.

"काय मी?"

"मी खोडला. मला वाटलं, दुसऱ्या टाकीवालीनं घाण करून ठेवलीये."

प्रज्ञानं दगडावरचं बोट उचललं. मी वाट बघत होते, आता चिडेल, आता रडेल. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं अन् खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. हसत होती. फिलूबायही हसायला लागली, इतकी की तिला ठसका लागला अन् मला पाणी आणायला उठावं लागलं.

मग मी छिन्नीच्या टोकानं जमिनीवर काढून दाखवलं, काय होतं ते. फुली. काठी. सुळका. अर्धा दिवस ज्याच्यावर घाव घातले ते हात विसरत नाय. प्रज्ञा म्हणाली, "चौदा." तिनं ते लिहून घेतलं अन् दगडाला हात लावून फोटो काढला. फिलूबायनं लगेच पाटा परत पालथा करायला लावला. म्हणाली, "कोनी साहेब आला तर सांग, मे महिना झाल्यावर ये. मसाल्याचे दिवस हायत."

सोमवार

संध्याकाळी पोरगी डोंगर चढून आली, बॅग न टाकताच म्हणाली, "पास." मिलिंद टीव्ही बघत होता. "बरं," म्हणाला, अन् आवाज वाढवला. त्याची खुशी तेवढीच असते.

प्रज्ञानं सांगितलं, वर्गात पाच जणांनी बोरिवलीचाच डबा दिला होता, मॅडमनं पाचही परत केले. हिचा दगड त्या स्वतः बघायला जाणार आहेत. कागदावर एक रकाना होता, दगडाचं नुकसान कोणी अन् कशानं केलं. दुसऱ्यांनी तिथं लिहिलं होतं, अज्ञात इसम. हिनं खरं लिहिलं.

"वाच," म्हणलं.

तिनं इंग्रजीत वाचलं अन् मग मराठीत सांगितलं. नुकसान करणारी व्यक्ती, हौसाबाई, माझी आजी. साधन, छिन्नी.

या शहरात मी पन्नास वर्षं दगड फोडला. माझी खडी कोणत्या रस्त्याखाली आहे, कोणत्या पुलात आहे, कोणाला माहीत नाय. कॉलेजच्या कागदावर नाव आलं ते हे, नुकसानीच्या रकान्यात. मी कागद हातात घेतला.

"टोचे सरळ ओळीत होते, ते लिहिलंस का?"

"नाय गं, ते कुठं लिहिणार?"

"मग मॅडम पाटा बघायला जातील तेव्हा सांग त्यांना. म्हणावं, आकडा गेला, पण काम बघा."